डी ड्राइव्हमधले बैल

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पांढरी साडी, विहार, बुद्धवंदना, दोन वाट्या खीर. तिसरीला नको म्हटलं, पण वाटी मागे घेतली नाही. दुपारी सवयीने माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसले.

काल खंडेनवमी झाली. तालुक्यातल्या तमाम कॉम्प्युटरांची पूजा झाली असणार. म्हणजे उद्यापासून माझा सीझन. गेल्या वर्षीची नोंद वहीत आहे: कीबोर्डात कुंकू, सात. माऊसखाली अक्षता, चार. सीडीच्या ट्रेचं उदबत्तीचं घर, दोन. यूएसबीच्या भोकात उभी उदबत्ती, एक. तो गृहस्थ कॉलेजात शिकवतो.

पाचला पिंपरी पेंढारहून फोटोवाल्या नानांचा फोन.

"ताई, कॉम्प्युटर टकटक करतोय."

"बंद करा."

"केला."

"मग आता नाही ना टकटक?"

"न्हाई ना. म्हणून परत चालू करून बघितला, तर परत करतोय."

असं सहा वेळा. आता हातसुद्धा लावू नका म्हटलं. तेवढ्यात फोनमधून टक... टक... टक. मला ऐकू यावं म्हणून सातव्यांदा चालू केला होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान उघडायच्या आधीच नाना पायरीवर. कॅबिनेट मोटरसायकलच्या मागे कासऱ्याने बांधलेलं, गाठ अशी की सोडायला दोघं लागलो. वर हळदीकुंकवाची पाच बोटं. पत्र्याच्या कोपऱ्याला खोबऱ्याचा तुकडा चिकटलेला.

"नाना, हे काय?"

"परसाद."

उलटतपासणी घेतली. स्टुडिओ वरच्या मजल्यावर, तिथे दगड नाही. फरशी नवी, तिच्यावर नारळ फोडला तर वहिनी घरात घेणार नाहीत. राहिला कॅबिनेटचा कोपरा. आणि आत एका लग्नाची फिल्म तयार होत होती, म्हणून मशीन चालू.

"चालू मशीनवर नारळ फोडला?"

"बंद मशीनची कसली पूजा ताई? झोपलेल्या माणसाला कुणी ओवाळतं का?"

"पहिल्या घावात फुटला?"

"तिसऱ्या."

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, वाचणारं हेड तरंगत असतं. इतका नाजूक कारभार माणसाने पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डबा नानांना विकला. विकला मीच.

बॅकअप विचारला. नानांचा चेहरा उजळला. "हाय की! तुमीच सांगितलं व्हतं, दोन जागी ठेवा. सीमधी हाय आन डीमधी पण हाय."

सी आणि डी एकाच डिस्कमध्ये. एकाच खोलीत मधे पडदा लावून दोन बिऱ्हाडं केल्यासारखं. छप्पर बसलं की दोन्ही बिऱ्हाडं खाली. हे समजावून सांगितलं. नानांनी टोपी काढून हातात धरली. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखते, टोपीशिवाय आज प्रथम पाहिले.

मग हळूच म्हणाले, "लग्नं गेली तर जाऊं द्या, ज्याची त्याच्याकडं हायेत. बैल ऱ्हायले का तेवढं सांगा."

बैल म्हणजे त्यांचं वेड. सोळा वर्षं, दर सोमवारी, बेल्ह्याच्या बैलबाजारात. सौदा झाला की विकणारा बैलाचं दावं सोडून घेतो. बैल द्यायचा, दावं द्यायचं नाही. दावं सोडायच्या आधीच्या क्षणी नाना एक फोटो काढतात. विकणारा आणि त्याचा बैल. फुकट. प्रिंट मागितली तर "देतो पुढल्या बाजाराला", आणि तो बाजार सोळा वर्षांत आलेला नाही. आता कुठे ठरवलं होतं: दिवाळीनंतरच्या सोमवारी, म्हणजे २७ला, सगळे फोटो बाजारात टांगायचे, ज्याचा बैल त्याने घेऊन जायचा. गेल्या महिन्यात बाजारात लाऊडस्पीकरवरून सांगूनही झालं.

सांगितलं आधी, छापणार होते दसऱ्यानंतर. पूजा झाल्यावर. शुभ म्हणून.

४ ऑक्टोबर, शनिवार

डिस्क बाहेर काढली. एकदाच, पाच सेकंद वीज दिली. हेड तबकडीवर जातं, काही वाचता येत नाही, मागे येऊन आपटतं. टक. पुन्हा जातं. हेड गेलंय. तबकड्या शाबूत असाव्यात. "असाव्यात" हा माझ्या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द.

नानांना फोनवर उपाय सांगितला: हुबेहूब तशीच दुसरी चांगली डिस्क पाहिजे. तेच मॉडेल, तोच कारखाना, जमलं तर त्याच घाण्यातली. तिचं हेड काढून हिच्यात बसवायचं. एकदाच चालेल, काही दिवस चालेल, तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. जी हेड देईल ती डिस्क कायमची जाणार.

"म्हंजी डोळे दान."

"तसंच."

"मेलेल्याचे चालत्याल का?"

"नाही नाना. जिवंत डिस्कचेच लागतात."

पुण्याच्या लॅबचंही सांगितलं. तिथे फोन करून आकडा ऐकला आणि परत मला फोन. "ताई, तेवढ्यात मी सगळे बैल परत इकत घेईन."

६ ऑक्टोबर, सोमवार

नानांनी आज बेल्ह्याच्या बाजारात माझा नंबर वाटला. "बैल मॅडमकडं हायेत" असं सांगून. दिवसभर फोन. एकाने विचारलं, खोंड आहे का दोन दाती. एकाला वाटलं मी कोंडवाडा चालवते.

चारच्या सुमारास एक म्हातारी. कोंडाबाई, घोडेगावच्याही पलीकडे डोंगरात गाव. फोन शेजारणीचा. अकरा वर्षांपूर्वी नवरा-बायकोने ढवळ्या टेम्पोत घालून बेल्ह्याला नेऊन विकला होता. नानांनी फोटो काढला होता. नवरा तीन वर्षांमागे गेला.

मी आवाज मऊ केला. "मावशी, यजमानांचा फोटो आहे त्यात, हो ना? करते मी प्रयत्न."

"त्याचा हाय गं फोटो. आधारवर हाय, रेशनवर हाय, भितीवर हाय. ढवळ्याचा न्हाई एक बी."

आवाज परत नेहमीचा केला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कांदा आडतीतला कॉम्प्युटर आला. "स्लो झालाय." उघडला. आतमध्ये कांद्याचा पाला, थेट पंख्याच्या पात्यांपर्यंत. ब्लोअर मारला तर दुकानभर लाल पापुद्रे उडाले, समोरच्या हॉटेलवाल्याने विचारलं आज भजी तुमच्याकडे का. मालकाला म्हटलं महिन्यातून एकदा साफ करून घ्या. म्हणे, "मॅडम, माणसं तरी कुठं करतेत?"

बाकी कीबोर्डात कुंकू, पाच. सीझन बरा आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

डिस्कचा शोध. हायवेवरचे दोन भंगारवाले, एक बंद पडलेला सायबर कॅफे, तीन पतपेढ्या. एका पतपेढीच्या मॅनेजरने डिस्क दाखवली सुद्धा, पण "आत संचालक मंडळाचे ठराव आहेत." ठराव दुसरीकडे उतरवून देते म्हटलं. म्हणाला, "ते उतरले नाहीत तरच बरं."

संध्याकाळी लेबलवरची तारीख पुन्हा वाचली. ही डिस्क मी पुण्याहून आणली होती, सात वर्षांपूर्वी. एक खोका, दोन डिस्क. एक नानांना दिली, जुने बैलही तिच्यातच भरून.

दुसरी माझ्या टेबलाखालच्या मशीनमध्ये.

कॅबिनेट उघडून बघितलं. तेच मॉडेल, तोच कारखाना, नंबरात फरक शेवटच्या दोन आकड्यांचा. जुळ्या बहिणी. झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले. दिसलंच नाही असं ठरवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

य. शाळेतून आला, चहा घेता घेता त्याला सांगितलं. नवरा म्हणून सहानुभूती अपेक्षित होती.

"तुझ्या डिस्कवर काय आहे एवढं?"

माझं सगळं लिहिणं. अकरा वर्षं साप्ताहिकात टोपणनावाने चालवलेलं सदर. छापलेलं, आणि संपादकांनी "मॅडम, आपल्याला इथंच राहायचंय" म्हणून न छापलेलं. न छापलेलं जास्त चांगलं आहे.

"मग दुसरीकडे कॉपी करून घे आणि दे ना ही. बॅकअप असेलच तुझा."

मी बिस्किटाकडे बघत राहिले.

"नाहीये?" तो इतका हसला की चहा नाकात गेला. माझ्याच दुकानात, माझ्याच डोक्यावर, मीच लावलेली पाटी आहे: बॅकअप घेतला का? खाली लाल अक्षरात: नक्की?

शेवटचा बॅकअप तीन वर्षांपूर्वीचा. पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कुठे आहे ते

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पेनड्राइव्ह मिळाला. मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या खाली. कसा गेला विचारू नये. चालतो. वास येतो.

नवी डिस्क आणली, कॉपी लावली. लावली तर लगेच उठून जायचं; मी वाचत बसले. ही चूक गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते.

तरुणपणी बाई फारच फाडफाड लिहायची. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लिहिलेलं अजून चालेल, फक्त माणसाचा फोटो बदलायचा. पण एक लेख निघाला, न छापलेला, आठ वर्षांपूर्वीचा. "बैलांचा छायाचित्रकार". नानांवर. नाव बदललंय पण मोटरसायकल, टोपी, "पुढल्या बाजाराला देतो", सगळं तेच. एक वाक्य: "या गृहस्थाला लग्नातली माणसं हसवता आली नाहीत म्हणून तो बैलांकडे वळला, तिथे निदान कुणी हसत नाही याचा दोष त्याच्याकडे येत नाही."

वाक्य चांगलंच आहे. तीच तर अडचण.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाना आले. डिस्क मिळाली म्हटलं. कुठे मिळाली विचारलं. माझीच.

"तुमची? आन तुमचं काय व्हतं तिच्यात?"

"किरकोळ. कागदपत्रं."

"उतरवून घेतली ना? दोन जागी?" मलाच. वर पाटीकडे बोट दाखवून. "न्हाईतर सीमधी आन डीमधी ठेवाल."

ही संधी ते मरेपर्यंत सोडणार नाहीत. त्यांच्या जागी असते तर मीही सोडली नसती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तयारी. डिस्क उघडायची तर धूळ नको. धुळीचा एक कण म्हणजे हेडच्या वाटेत धोंडा. मोठ्या लॅबमध्ये यासाठी वेगळी खोली असते. माझ्याकडे य.च्या शाळेतली माशांची काचपेटी आहे. (मासे कधीच गेले. मुलांनी त्यांना खाऊ घातलं, सगळ्या वर्गांनी, रोज.) पेटी आडवी केली, मागे हवेचा फिल्टर आणि छोटा पंखा, पुढे हात घालायला दोन भोकं, भोकांना रबरी हातमोजे चिकटवले. रात्रभर पंखा चालू ठेवून आतली हवा गाळायची.

हेडं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे सरकवायला पातळ पट्टी लागते. वडिलांच्या गुडघ्याचा जुना एक्सरे कापला. वस्तीतला पहिला रेडिओ त्यांनी उघडला होता, कुणी सांगितलेलं नसताना. परत लावल्यावर दोन स्क्रू उरले होते आणि रेडिओ आधीपेक्षा मोठ्याने वाजायला लागला होता. त्यांच्या गुडघ्याची हरकत नसावी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज.

सकाळी फरशी ओल्या फडक्याने तीनदा. पंखा बंद. केस बांधून वर प्लास्टिकची टोपी, तोंडाला मास्क. शटर खाली. नाना बाहेर पायरीवर, चपला त्याहून चार हात लांब काढून ठेवलेल्या. का? "धूळ नगं." चपला रस्त्यात, कुत्र्याने एक नेली.

सुरुवात करणार तेवढ्यात शटरवर टकटक.

"ताई, एक उदबत्ती लावू का? लांब. रस्त्याच्या पलीकडं."

"नाना, माचिससुद्धा खिशातून काढू नका."

"बरं. मनात म्हणतो."

"मनात म्हणा. मोठ्याने म्हणू नका. आणि मनातसुद्धा नारळ नको."

आधी माझी डिस्क. झाकणाचे स्क्रू सोडताना हात थांबला, खोटं कशाला लिहू. तीन ठिकाणी कॉपी आहे (लवंगांसकट), तरी थांबला. मग उघडली. आत स्वतःचा चेहरा दिसला, गोल तबकडीत, मास्क लावलेला. अकरा वर्षांची टवाळी त्या चकाकीखाली कुठेतरी, आणि वरून काहीच दिसत नाही. हेड काढलं.

मग नानांची. तबकडीवर ओरखडा नाही. काठाला एक अंधुक डाग, अर्ध्या तांदळाएवढा. जुनं हेड वाकलेलं. नवं बसवताना पट्टी सरकवली, श्वास धरला, पट्टी काढली. झाकण. स्क्रू. सगळे लागले, एकही उरला नाही. वडिलांना आवडलं नसतं.

वीज दिली. गुणगुण. मग एक बारीक चिर्र. आणि टकटक नाही. टकटक नाही!

शटर वर केलं. नाना एका पायात चप्पल घालून उभे.

"बैल?"

"श्वास घेतायत."

नाना पायरीवर बसले, टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले कुत्रं कुठल्या बाजूला गेलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उतरवणं सुरू. आधी जे सहज वाचता येतं ते, अडेल ते सोडून पुढे, अडलेलं शेवटी. चाळीस मिनिटं वाचायचं, वीस मिनिटं विश्रांती. डिस्कला जितकं जपलंय तितकं मी य.ला त्याच्या डेंग्यूत जपलं नव्हतं. त्याने हे बोलून दाखवलं.

संध्याकाळपर्यंत पहिली चार वर्षं आली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. नाना सकाळी घरच्या गाईला ओवाळून थेट इथे. दहा वर्षं उतरली आहेत. स्क्रीनवर एकेक फोटो लावला.

"ह्यो पिंपरीचाच. मारका. ह्याचं डावं शिंग बघा, ट्रॅक्टरला धडकला व्हता. ट्रॅक्टर गेला कामातून."

"आणि हा माणूस कोण?"

"कोण की. बैल सोन्या."

सोळा वर्षं, एकाही माणसाचं नाव आठवत नाही, एकही बैल विसरलेले नाहीत. मी बघत राहिले. फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, बैलाकडेही नाही. खाली बघतात, हातातल्या गाठीकडे. गाठ सोडायला वेळ लावतात. एकाने बैलाच्या पाठीवर असा हात टाकलाय, बसच्या गर्दीत ओळखीच्याच्या खांद्यावर टाकतो तसा. एका पोक्त, मिशीवाल्या बुवाने रडू लपवायला उपरणं तोंडात धरलंय आणि बैल ते उपरणं खायला बघतोय.

आठ वर्षांपूर्वी यावर हजार शब्द लिहिले होते. एकही फोटो न बघता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नानांना सांगून टाकलं. "मी तुमच्यावर लिहिलं होतं एकदा. वाईट."

"छापलं?"

"नाही."

"मग काय कामाचं? वाचा."

वाचला. सगळा. यूएसबीत उदबत्ती अडकवून आलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेही ऐकत होतं, हसत होतं. नाना पण दोनदा हसले, एकदा तर त्यांनी हसू नये अशी मी आशा केली होती तिथेच. संपल्यावर म्हणाले, "एक चूक हाय."

मला वाटलं, आलं आता.

"बैल हसत न्हाई असं लिव्हलंय. हसतो. कान मागं घेतो आन नाक वर करतो. दावतो थांबा." दाखवलं. स्वतः करून. गिऱ्हाईक उदबत्ती विसरून गेलं.

वाक्य खोडलं. लेख बाकी तसाच ठेवला.

२० ऑक्टोबर, सोमवार

चौदा वर्षं आली. राहिली दोन. त्यांत कोंडाबाईंच्या ढवळ्याचं वर्ष. तबकडीच्या काठाचा तो अंधुक डाग नेमका त्या जागी. डिस्क तिथे जाते, अडते, चिरचिरते, तापते. विश्रांती.

कोंडाबाईंचा फोन. "निघला का?"

"मावशी, शिंगापर्यंत पोचलोय." काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"शिंगं धरू नगा. मान झाडतो."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. दोन्ही भाऊ आले, ओवाळलं, दोघांनी ओवाळणीत हेडफोन दिले, एकाच कंपनीचे. हे पण दोन जागी ठेवते.

दुपारी पुन्हा डिस्क. अडलेल्या भागातून अकरा फोटो ओढून काढले. नऊ पूर्ण करडे, काही नाही. एक कुणाचातरी तांबडा खोंड, अख्खा. आणि एक अर्धा: वरचा निम्मा स्वच्छ, खाली नुसता राखाडी पडदा. वरच्या निम्म्यात पांढरा बैल, रुंद कपाळ, शिंगं आत वळलेली. शेजारी एक उंच टोपी, एक कान आणि अर्धी मिशी.

नानांनी एका क्षणात ओळखला. "ढवळ्या. डोंगरातला. मान झाडायचा."

त्यानंतर आवाज बदलला. टक नाही, पण त्याच्या आधीचं काहीतरी. वीज काढली. अजून ताणलं तर हे हेड पण जाईल आणि जाताना तबकडीही खरवडेल. नाना म्हणाले, "बास ताई. चौदा वर्सं लई झाली. बैलाला बी इसावा देत्यात."

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रिंट. मंचरच्या फ्लेक्सवाल्याने उरलेल्या कागदावर छापून दिले. एका बाजूला बैल, काही कागदांच्या मागच्या बाजूला "भावी आमदार" उलट्या अक्षरांत. तिथले कॉम्प्युटर साफ करून देईन म्हटलं. करून दिले. आत झुरळ, एक, वयस्कर.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बेल्हे. दुकान बंद ठेवलं, य.ने रजा टाकली, फोटो बघायचे म्हणून.

नानांनी बाजाराच्या कडेला लिंबापासून टेम्पोपर्यंत दोरी बांधली, कपड्याच्या चिमट्यांनी फोटो. तासाभरात दोरी पुरेना. मग एक म्हातारा घरी जाऊन दावं घेऊन आला. त्याच्या विकलेल्या बैलाचं, खुंटीला जपून ठेवलेलं. ते पहिल्या दोरीला जोडलं. ते बघून दुसरा. दुपारपर्यंत दोरी अशी लांबली की निम्मी दोरी आणि निम्मी दावी. लोक फोटो शोधत फिरत होते आणि एकमेकांना सांगत होते: "ह्यो तुझा न्हवं?" "न्हाई, माझा गुणाचा व्हता."

ज्यांचे त्या दोन वर्षांतले, ते पंचवीस-तीस जण हात हलवत परत गेले. एकाने मला विचारलं, "आमचा न्हाई आला?" मी म्हटलं नाही अजून. "अजून" का म्हटलं ते मलाही कळलं नाही.

कोंडाबाई तिसऱ्या एसटीने आल्या. बारीक अंगाची, वाकलेली नाही. पिशवीत डोंगरातला नवा तांदूळ (माझ्यासाठी) आणि एक दावं. फोटो हातात दिला. त्यांनी लांब धरून बघितला, मग जवळ.

"ढवळ्याच." मग टोपीवर बोट ठेवून, "ह्यो कोण?"

"यजमान ना तुमचे? टोपी..."

"व्हय, कान त्याचाच हाय. आन ढवळ्याचं पाय?"

समजावून सांगितलं. नारळ, हेड, डाग, सगळं. पाय आतच आहेत, डिस्कमध्ये, गेलेले नाहीत, वाचता येत नाहीत एवढंच. प्रयत्न केला तर कदाचित येतील. कदाचित काहीच उरणार नाही.

कोंडाबाई फोटोच्या खालच्या राखाडी भागावरून बोट फिरवत होत्या.

"ऱ्हाऊं द्या तिथंच. त्या दिशी मागं बघत बघत गेला. पाय न्हाईत ते बरंय. आता कुठं जायचा न्हाई."

दावं फोटोला गुंडाळलं, वर गाठ मारली आणि पिशवीत ठेवलं. आणि नानांना विचारलं, चपला वेगवेगळ्या का.

२९ ऑक्टोबर, बुधवार

नवा तांदूळ शिजवला. य.ने तीनदा भात घेतला.

बैलांच्या तीन प्रती झाल्या: एक नानांकडे, एक माझ्याकडे, एक नानांच्या मेव्हण्याकडे, बाजरीच्या कणगीत. (नानांची सूचना. "तिथं नारळ फोडत न्हाईत.")

दुपारी त्यांचा फोन. ओतूरला एका झेरॉक्सवाल्याकडे तीच डिस्क आहे, चालू, आणि तो द्यायला तयार आहे. त्याचा पण बैल त्या दोन वर्षांतला. उद्या घेऊन येऊ का?

काचपेटी अजून टेबलावर आहे. एक्सरेची एक पट्टी उरली आहे. राहिलेल्यांत बहुतेकांना त्यांचे बैल पाहिजेत, पायांसकट. एकीला नको आहेत. डाग त्यांच्यात भेद करणार नाही. उघडली तर सगळ्यांसाठी उघडेल, बिघडली तर

"ताई? आणू ना?"

"आणा," म्हटलं. "आणा. पण कासऱ्याने बांधून आणू नका, मांडीवर घेऊन या. उघडायची का ते मग बघू."

"मांडीवर घेतो. पण ताई, तुमचा त्यो लेख. छापायला द्या की. हसण्याचं नीट करून."

डिस्क खणात ठेवली, मऊ फडक्यात. वर चिठ्ठी चिकटवली: ढवळ्याचे पाय. हात लावू नये. मग "हात लावू नये" खोडलं. उरलेलं तसंच ठेवलं.